व्हॅन गॉगचे आयरिस: जांभळे की निळे? आणि गुच्छ कलंडत का नाही?

चौरंगी

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी ऑफसेट छपाईत आहे. मूळ चित्र आणि प्रूफ शेजारी ठेवायचं आणि कुठली शाई चढली, कुठली उतरली ते सांगायचं, हे माझं काम. त्यामुळे पुस्तकात छापलेलं चित्र दिसलं की मला आधी छपाई दिसते, चित्र मागाहून. रात्री तैलरंगात हात चालवतो, शिक्षण काही नाही.

सध्या व्हॅन गॉगचं आयरिसचं स्थिरचित्र समोर घेतलंय. बागेतलं नव्हे, फुलदाणीतलं. पिवळ्या भिंतीपुढचं, अॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममधलं. १८९० च्या मे महिन्यात, दक्षिण फ्रान्समधल्या सें-रेमीचं मनोरुग्णालय सोडायच्या अगदी आधी केलेलं. उभं चित्र आहे, साधारण ९३ बाय ७४ सेंटीमीटर.

आता अडचण. भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात तो या फुलांना जांभळी म्हणतो. कार्माइन या लालपासून प्रशियन ब्लू या गडद निळ्यापर्यंत जाणारा जांभळा, आणि पाठीमागे झगझगीत लेमन यलो. माझ्या पुस्तकातली फुलं सरळ निळी आहेत. आधी वाटलं, छापणाऱ्यानं मॅजेंटा, म्हणजे गुलाबी-लाल शाई, खाल्ली. मग दुसरं पुस्तक काढलं, म्युझियमच्या संकेतस्थळावरची प्रतिमा मोठी करून पाहिली. सगळीकडे निळीच. वेगवेगळ्या छापखान्यांत तोच मॅजेंटा तेवढाच उतरेल, हे माझ्या धंद्यात बसत नाही. मग मी रंगवू काय? डोळ्यांना दिसतं ते, की पत्रात लिहिलंय ते?

दुसरं रचनेबद्दल. गुच्छ अवाढव्य आहे, फुलदाणीला झेपणार नाही असा. त्यात उजव्या बाजूला फुलांचा एक झुबका देठातून मोडल्यासारखा खाली लोंबतो. मी कोळशानं रेखाटलं की सगळं उजवीकडे कलंडतं. मूळ चित्र मात्र ठाम उभं आहे. त्यानं असं काय केलंय जे मला दिसत नाहीये?

कोरा_कागद

पहिल्याचं उत्तर देतो, दुसरं जाणकारांवर सोडतो.

छापखाने निर्दोष आहेत. मॅजेंटा चित्रातूनच गेलाय. म्युझियम स्वतःच सांगतं की फुलं मुळात जांभळी होती, त्यातला लाल उडाला आणि निळा उरला.

लाल कुठला, तर 'लेक' प्रकारातला. लेक म्हणजे रंगद्रव्याची घट्ट पूड नव्हे. विरघळणारा रंग, म्हणजे कापड रंगवतात तसला, पांढऱ्या पुडीवर बसवून केलेला. दिसायला झकास, पण उजेडात टिकाव कमी. व्हॅन गॉगच्या मागणीच्या याद्यांमध्ये जिरेनियम लेक पुन्हापुन्हा येतो. तो इओसिन या कृत्रिम लाल रंगापासून बनायचा आणि इओसिन उजेडाला फारच नाजूक. प्रशियन ब्लू आणि हा लाल मिसळून जांभळा केला की त्यातला एक भागीदार हळूहळू पळून जाणार, हे ठरलेलंच.

त्याला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. एप्रिल १८८८ मध्ये, आर्लहून, त्यानं थिओला लिहिलंय की इम्प्रेशनिस्टांनी प्रचारात आणलेले सगळे रंग अस्थिर आहेत, म्हणून ते बेधडक कच्चेच वापरावेत, काळ त्यांना नको तितकं मवाळ करणारच आहे. आगाऊ हिशोब धरला होता म्हणा. फक्त सगळे रंग सारखेच मवाळ होत नाहीत, एखादा पार निघूनच जातो.

पिवळ्याचंही सगळं आलबेल नाही. क्रोम यलो म्हणजे लेड क्रोमेट. व्हॅन गॉगच्या चित्रांतला हा पिवळा उजेडानं तपकिरीकडे का झुकतो, यावरचं संशोधन २०११ साली प्रसिद्ध झालं. त्यातल्या क्रोमियमचं रूप पृष्ठभागावर बदलतं, असं निघालं. त्यामुळे सूर्यफुलांचे पिवळेही त्यानं ठेवले तस्से आज नाहीत.

जुना_इझल

चौरंगी, तुमच्या दोन्ही प्रश्नांची गाठ एकाच ठिकाणी आहे. मी शिकवायचो तेव्हा हे चित्र मुद्दाम दाखवायचो, कारण मुलं 'पूरक रंग, पूरक रंग' (रंगचक्रात समोरासमोर बसणारे) असा जप करतात आणि पुढे बघतच नाहीत.

थोडं मागं जाऊ. १८८६ चा पॅरिसमधला उन्हाळा. मॉडेलला द्यायला पैसे नाहीत म्हणून हा बाबा फुलं रंगवतो. लिव्हन्स नावाच्या इंग्रज चित्रकार मित्राला लिहिलेल्या पत्रात यादीच आहे: लाल पॉपी, निळी कॉर्नफ्लॉवर, पांढरे आणि गुलाबी गुलाब, पिवळ्या शेवंती. आणि शोधतोय काय, तर विरोध. निळ्याला नारिंगी, लालला हिरवा, पिवळ्याला जांभळा. हे डोक्यात चित्रकार देलाक्रवाकडून आणि पुस्तकांतून आलेलं. पुस्तकांच्याही मागे शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ. पॅरिसच्या गोबलँ या चित्रपट विणण्याच्या कारखान्यात तो रंगाई विभाग सांभाळायचा. विणकरांची तक्रार असायची की काळ्या सुताला दम नाही. त्यानं तपासलं तर सूत चांगलं होतं, शेजारचे रंग त्याला मारत होते. १८३९ साली त्यानं यावर ग्रंथच लिहिला. व्हॅन गॉगकडे लाखेच्या पेटीत लोकरीचे गुंडे होते, दोन-दोन रंगांची सुतं एकत्र पिळून गुंडाळलेले. रंग कॅनव्हासवर लावण्याआधी जोडी कशी दिसते ते त्यावर पाहायचं. तुम्ही प्रूफ काढता ना, त्यातलाच प्रकार.

आता मुद्द्याचं. या तीन जोड्या सारख्या नाहीत. लाल आणि हिरवा घ्या. दोन्ही मध्यम गडद. कृष्णधवल फोटो काढला तर एकमेकांत विरघळतात. पिवळा आणि जांभळा घ्या. पिवळा हा रंगचक्रातला सगळ्यात उजळ रंग, जांभळा सगळ्यात गडद. म्हणजे रंगाचा विरोध आणि उजेड-अंधाराचा विरोध, दोन्ही एकाच जोडीत. तुम्हाला हे करून पाहायला दोन मिनिटं लागतील. प्रतिमा घ्या, रंग काढून टाका, फक्त काळी प्लेट ठेवा. अॅमस्टरडॅमचे आयरिस तेव्हाही उभे राहतील. गडद आकृती, उजळ भिंत, एकेक पान तलवारीसारखं कापलेलं.

म्हणूनच लाल उडूनही हे चित्र वाचलं. जांभळा निळ्याकडे सरकला, पण गडद तो गडदच राहिला.

याचं भावंड बघा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये आहे. त्याच दिवसांत केलेलं, आडवं. तेच जांभळे आयरिस, मागे गुलाबी भिंत, खाली हिरवं टेबल. पत्रात दोन्हींबद्दल लागोपाठ लिहिलंय. गुलाबीबद्दल म्हणतो, हिरवे, गुलाबी, जांभळे मिळून परिणाम सौम्य आणि सुसंवादी होतो. पिवळ्याबद्दल म्हणतो, भयंकर विजोड पूरक रंग, जे विरोधानंच एकमेकांना चढवतात. एकच फूल, दोन स्वभाव. पण आज न्यूयॉर्कचं चित्र पाहिलं तर भिंत जवळपास पांढरी! गुलाबी उडाला. आणि पांढऱ्यापुढे निळी फुलं उठून, टोकदार दिसतात. जे मऊ व्हावं म्हणून केलं होतं ते उलट कडक झालं. मला विचाराल तर रंग उडाल्यानं खरी हानी या चित्राची झालीय, आणि तरी बोलबाला सगळा पिवळ्याचा.

त्याच महिन्यात त्यानं गुलाबांचीही दोन चित्रं केली. मेट्रोपॉलिटनमधलं उभं चित्र त्यानं गुलाबी गुलाब, पिवळसर हिरवी पार्श्वभूमी आणि हिरवी फुलदाणी असं मांडलं होतं. आता ते गुलाब पांढरे म्हणून ओळखले जातात, पाकळ्यांत आणि टेबलाच्या कडेला गुलाबीची पुसट खूण तेवढी उरलीय. फुलांची चारही चित्रं एका सपाट्यात झाली, आणि १६ मेला तो सें-रेमीहून निघाला तेव्हा ती ओलीच होती. वाळायला मागे ठेवून जावं लागलं, जूनमध्ये मागाहून त्याच्या नव्या मुक्कामी, ओव्हेर गावी पोचली.

रचनेकडे येतो. तुम्ही कोळशानं फुलं काढलीत आणि तिथंच घोडं पेंड खातंय. फुलं काढू नका. पिवळा काढा. म्हणजे गुच्छाच्या भोवती आणि पानापानांच्या फटीत अडकलेला पिवळ्याचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र आकार धरून काढा. या चित्रात पिवळा मागे पडलेला नाही, फुलांच्या बरोबरीनं पुढे येऊन बसलाय. फुलदाणी पिवळी, टेबल पिवळं, भिंत पिवळी. त्यामुळे खालचा निम्मा भाग जवळजवळ एकाच कुळातला झाला, आणि सगळा गडद वर आणि बाजूंना गेला. आता इतका गडद वरच ठेवला तर चित्र डोक्यावर पडेल. तो लोंबणारा झुबका काय करतो, तर वरच्या गडदातला थोडा ऐवज खाली टेबलाकडे आणून ठेवतो. तो कलंडवत नाही, नांगर टाकतो. तुमच्या रेखाटनात टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, भरलेला नसल्यानं त्याचं हे वजन दिसत नाही, नुसती खाली वाकलेली रेघ दिसते. अशी रेघ कलंडलेलीच वाटणार.

झुबका अंगठ्यानं झाकून बघा. बाकीचा गुच्छ लगेच पंख्यासारखा शिष्ट, सममित, फोटो स्टुडिओतला वाटायला लागतो.

सेझानवेडी

इझलसर, तुमचं कृष्णधवलचं पटलं. पण तुम्हीही शेवटी पूरक रंगांच्याच गल्लीत फिरताय. उत्तर-दृक्प्रत्ययवादी (पोस्ट-इम्प्रेशनिस्ट) मंडळी म्हणजे एक घराणं नव्हे. ते नावही रॉजर फ्राय या इंग्रज समीक्षकानं १९१० मध्ये लंडनच्या प्रदर्शनासाठी दिलं. तोवर सेझान, गोगँ, व्हॅन गॉग तिघेही या जगात नव्हते, नाहीतर तिघांनी मिळून त्याला धरला असता.

फुलांचंच घ्या. सेझानचं 'निळी फुलदाणी', पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातलं, १८८९-९० च्या सुमाराचं. म्हणजे व्हॅन गॉगच्या आयरिसांना समकालीनच. फुलदाणी निळी आणि मागची भिंतही निळसर. निळ्यावर निळा! जो विरोध व्हॅन गॉगनं कमावला तो यानं ठरवून टाळलाय. मग फुलदाणी दिसते कशी? कडेवर. काही ठिकाणी गडद निळ्या रेघेनं बांधलीय, काही ठिकाणी रेघ सुटलीय आणि भिंत आत शिरलीय. डोळा सारखा विचारत राहतो की भांडं कुठं संपलं. शेजारची फळं हीच तिथली ऊब. ती काढली तर चित्र गारठेल.

आणि घाई नावाला नाही. व्हॅन गॉगनं चार गुच्छ धडाधड उडवले, तर सेझानची फुलं चित्र पुरं व्हायच्या आत मान टाकायची. त्याची चित्रं विकणाऱ्या व्होलारनं लिहून ठेवलंय की तो कागदी फुलं घेऊन बसायचा. याच व्होलारच्या व्यक्तिचित्रासाठी, त्याच्या सांगण्यानुसार, ११५ बैठका झाल्या, त्यामुळे फुलांची काय कथा.

चौरंगी, तुम्हाला सांगायचं ते एवढंच, की रंगांचा विरोध म्हणजेच रंगयोजना असं धरून चालू नका. खुद्द व्हॅन गॉगनंही धरलं नव्हतं. लंडनच्या नॅशनल गॅलरीतली सूर्यफुलं बघा, ऑगस्ट १८८८ ची. पिवळ्यावर पिवळ्यावर पिवळा. तिथं युक्ती वेगळीच आहे. भिंत फिकी, टेबल गडद पिवळं. फुलदाणीचा वरचा अर्धा भाग गडद पिवळा, तो फिक्या भिंतीवर येतो. खालचा अर्धा भाग फिका, तो गडद टेबलावर. अदलाबदल! फुलदाणीच्या पोटावरची आडवी रेघ आणि टेबलाची रेघ निळी आहेत आणि सहीदेखील निळी, बस, निळ्याचं बजेट संपलं. भिंतीत रंग एकच, पण फटकारे आडवेउभे एकमेकांत विणलेले, वेताच्या खुर्चीसारखे, त्यामुळे ती सपाट पडत नाही.

रेघेबद्दल इझलसर बोलले नाहीत, म्हणून मी बोलते. आयरिसच्या पाकळ्यांना गडद निळी किनार आहे. ती जपानी छापचित्रांची देणगी. लाल उडाल्यावर चित्र वाचलं ते टोनमुळे, मान्य, पण या किनारीचाही त्यात मोठा हात आहे असं माझं मत.

जुना_इझल

ताई, किनारीचं मान्य. पण ती किनार गडद म्हणूनच काम करते. तुम्ही फिरून माझ्याच अंगणात आलात.

सेझानबद्दल एक सांगतो. 'कड सुटणं' हे नवशिक्यांना सांगू नका, लगेच सगळ्या कडा सोडून बसतात.

चौरंगी

मंडळी, कृष्णधवल करून पाहिलं. दोन्ही चित्रं शेजारी. पिवळ्याची काळी प्लेट एकटीच छापली तरी चित्र म्हणून चालेल. न्यूयॉर्कच्या चित्रात मी माझा उद्योग केला: संगणकावर भिंतीत थोडा मॅजेंटा आणि चिमूटभर पिवळा चढवला, फुलांतही मॅजेंटा वाढवला. भिंत गुलाबी झाल्याबरोबर निळी फुलं जांभळी व्हायला निघाली आणि टेबलाचा हिरवा अचानक जागा झाला. त्या हिरव्याला मी हातही लावलेला नव्हता! इतका वेळ तो मला मळकट वाटत होता. भिंत किती गुलाबी करायची हा अंदाज अर्थात माझा, पुरावा नव्हे.

पिवळ्या तुकड्यांचंही केलं. फुलदाणीच्या डावीकडे, पानांच्या खाली, जो पिवळा आहे तो मी रेखाटनात निम्म्यानं छोटा काढला होता. मोठा केल्याबरोबर गुच्छ सरळ झाला. लोंबणाऱ्या झुबक्याला हात लावावा लागला नाही.

आता जांभळाच रंगवणार, ठरलं. फक्त ट्यूबा कुठल्या घेऊ? घरात अलिझरिन क्रिमसन आहे.

कोरा_कागद

अलिझरिन बाजूला ठेवा. तोही लेकच, जिरेनियमइतका नाजूक नाही, पण पातळ थरात किंवा पांढऱ्यात मिसळून लावला की उडतो. तुमचाही आयरिस निळा व्हायचा. क्विनाक्रिडोन मॅजेंटा किंवा क्विनाक्रिडोन रोज घ्या, ट्यूबेवर पीव्ही १९ असा रंगद्रव्याचा क्रमांक दिसला तर बिनघोर. फ्लुरोसंट गुलाबी कितीही मोहात पाडो, घेऊ नका, त्याची गत इओसिनसारखीच.

निळ्यात प्रशियन ब्लू जपून, राईएवढा पुरतो. अल्ट्रामरीनवर भागवलंत तर जांभळा जास्त स्वच्छ येईल, किनारीपुरता प्रशियन ठेवा. क्रोम यलोऐवजी कॅडमियम लेमन चालेल.

जुना_इझल

आणि सगळ्या फुलांना एकच जांभळा लावू नका. पत्रात 'कार्माइनपासून प्रशियन ब्लूपर्यंत' असं आहे, म्हणजे त्याच्यापुढे पूर्ण पट्टा होता: काही फुलं लालसर, काही निळसर, काही मधली. आज सगळी निळ्याच्या आसपास गोळा झाल्यामुळे गुच्छ एकजिनसी दिसतो. तुम्ही तो पट्टा पुन्हा उघडा. कुठलं फूल लालसर होतं हे नेमकं ठरवता येणार नाही. तुम्ही तुमच्या मनानं ठरवा, फक्त लोंबणाऱ्या झुबक्यात निळा जास्त ठेवा. तिथं लाल गेला तर तो उडी मारून पुढे येईल आणि मग खरोखरच कलंडेल.

पिवळा आधी भरा, फुलं नंतर. उलट केलंत तर पानांच्या फटीत ब्रश घालताना ओल्या जांभळ्यात पिवळा बुडेल आणि चिखल होईल. झालं की फोटो टाका, रंगीत आणि कृष्णधवल दोन्ही.

सेझानवेडी

आणि फुलं खरी आणून बसणार असाल तर सेझानच्या वेगानं काम करू नका. 🙂

चौरंगी

कॅनव्हासवर पिवळा भरून झालाय, फटींसकट. नुसता पिवळा बघूनच घरचे विचारतायत की हे काय आहे. फोटो रविवारी टाकतो.